'यू' कोड आला की आधी काय मोजायचं? (पावसाळ्यातल्या गाड्या, कोल्हापूर)

वायरमन_उद्यमनगर

नमस्कार मंडळी. पाऊस लागला की आमच्या उद्यमनगरात एकाच तऱ्हेच्या गाड्या यायला लागतात. मीटरवर एबीएस, स्टेअरिंग, एअरबॅग असे सगळे दिवे एकदम पेटलेले, कधी काटे मधेच शून्यावर पडतात, कधी सेल्फच फिरत नाही. मालकाच्या हातात कुठलंतरी एस्टिमेट असतं आणि त्यात 'ईसीएम (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) बदलणे' असं लिहिलेलं असतं. तो आकडा बघून माणूस निम्मा झालेला असतो. माझ्याकडं येणाऱ्या अशा गाड्यांत बहुतेक वेळा ईसीएम धडधाकट निघतो. बिघाड असतो तो मधल्या तारेत, कपलरात नाहीतर अर्थिंगमध्ये.

स्कॅनरवर दिसणाऱ्या बिघाडाच्या कोडांपैकी 'यू'नं सुरू होणारे कोड हे मॉड्यूलांच्या, म्हणजे गाडीतल्या वेगवेगळ्या छोट्या कॉम्प्युटरांच्या, आपसातल्या संपर्काचे. यू०१०० म्हणजे इंजिनच्या ईसीएमशी संपर्क तुटला, यू०१०१ गिअरबॉक्सच्या मॉड्यूलशी, यू०१२१ एबीएसशी, यू०१४० बीसीएमशी (दिवे, लॉक वगैरे बघणारं मॉड्यूल), यू०१५५ मीटरशी. हा कोड नोंदवणारा नेहमी दुसरा असतो, हे ध्यानात ठेवा. एबीएसमध्ये यू०१०० सापडला तर एबीएस एवढंच म्हणतंय, की मला ईसीएमचे निरोप येईनात. ईसीएमला सप्लाय नाही, की निरोप वाटेत अडकलाय, की एबीएसकडं जाणारी तारच सैल आहे, हे त्या कोडवरून कळत नाही. ते मोजूनच कळतं.

माझी पद्धत सांगतो. आधी बॅटरी. गाडी बंद असताना १२.४ व्होल्टच्या खाली असेल तर पहिल्यांदा चार्ज करा. सेल्फ मारताना व्होल्टेज साडेनऊच्या खाली जात असेल तर मॉड्यूलं मधेच रिसेट होतात आणि एकमेकांविरुद्ध कोड नोंदवून मोकळी होतात. अशा गाडीत नवी बॅटरी घातली की सगळे दिवे विझतात. म्हणून सगळे कोड लिहून घ्या, खोडा, गाडी फिरवून आणा आणि परत कोण उगवतं ते बघा. जुन्या कोडांच्या मागं लागू नका.

मग एका कागदावर गाडीतली सगळी मॉड्यूलं लिहा. स्कॅनरला कोण उत्तर देतंय, कोण देत नाही, आणि कोण कुणाबद्दल तक्रार करतंय, हे तिथंच मांडा. या कागदानं निम्मं काम होतं. सगळ्यांची तक्रार एकाच मॉड्यूलबद्दल असेल आणि बाकीचे आपसात नीट बोलत असतील, तर मुख्य लाईन (सगळ्या मॉड्यूलांना जोडणाऱ्या कॅनच्या दोन तारा) चांगली आहे. मग त्या एकट्याचा सप्लाय, अर्थिंग, नाहीतर त्याच्याकडं जाणारा फाटा बघायचा. कुणीच उत्तर देत नसेल तर मुख्य लाईन बसलीय, नाहीतर स्कॅनरच्या पोर्टलाच सप्लाय नाही. बऱ्याच गाड्यांत त्या पोर्टचा फ्यूज सिगारेट लायटरच्या सॉकेटबरोबर असतो. मोबाईल चार्जरनं तो उडालेला असतो आणि लोक ईसीएम काढून बसतात.

सप्लाय आणि अर्थिंग लोड देऊन तपासा. मल्टिमीटरला एका केसाएवढ्या धाग्यातूनही १२ व्होल्ट दिसतात. कपलर काढून त्याच्या सप्लाय आणि अर्थच्या पिनांमध्ये २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब लावा. बल्ब लख्ख पेटला पाहिजे. मिणमिणला तर तिथंच चोर सापडला. मात्र हा बल्ब कॅनच्या तारांना चुकूनही लावू नका, त्या तारा लोडसाठी नसतात.

एवढं झाल्यावरच त्या दोन तारांकडं या. स्कॅनर जोडायच्या सोळा पिनांच्या ओबीडी पोर्टवर ६ नंबरला कॅन-एच आणि १४ ला कॅन-एल असते. बॅटरीची निगेटिव्ह काढा, मॉड्यूलं झोपेपर्यंत थोडा वेळ थांबा आणि ६ व १४ मध्ये ओहम मोजा. साधारण ६० यायला पाहिजेत.

ज्यांच्या गाडीत असा त्रास आहे त्यांनी आकड्यांसकट लिहा. नुसतं 'लाईट लागलीय' लिहिलं तर मलाही अंदाजच बांधावा लागेल.

---

रंकाळा_पूर्व

दादा, नेमकं माझंच दुखणं लिहिलंत. हॅचबॅक आहे, पेट्रोल. गगनबावड्याहून पावसात परत आलो आणि दुसऱ्या दिवसापासून मीटर मधेच काळं पडतं. काळं पडलेलं असताना गाडी सुरू होत नाही, किल्लीचं चिन्ह लुकलुकतं. थोड्या वेळानं आपोआप ठीक होतं. एका वर्कशॉपनं मीटर आणि ईसीएम दोन्ही बदलावे लागतील म्हणून सांगितलंय. माझा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालाय आणि घरात मल्टिमीटर आहे. बॅटरी काढून ६ आणि १४ मध्ये मोजलं. मीटर काळं असताना १२० च्या आसपास येतंय.

---

वायरमन_उद्यमनगर

ताई, फार महत्त्वाचा आकडा दिलात. लाईनीच्या दोन टोकांना १२०-१२० ओहमचे दोन रेझिस्टर असतात, ते समांतर जोडले की ६० होतात. तुम्हाला १२० दिसतंय म्हणजे पोर्टपासून एकच टोक दिसतंय. दुसऱ्या टोकाकडं जाणारी दोनपैकी निदान एक तार वाटेत तुटलीय, नाहीतर कपलरात सुटलीय. मीटरच काळं पडतंय, त्यावरून दुसरा रेझिस्टर मीटरमध्ये असावा. किल्लीची ओळख मीटरमधून होत असेल तर गाडी सुरू न होणंही त्यातच आलं.

खात्री करायची तर १२० दिसत असतानाच ईसीएमचा कपलर काढा. आकडा ओपन झाला (मल्टिमीटर जोडणीच नाही असं दाखवू लागला) तर दिसत होता तो ईसीएमचा रेझिस्टर, म्हणजे ती बाजू चांगली आहे. मग मीटरच्या बाजूला चाला. डॅशबोर्ड खोलण्याआधी डाव्या सीटच्या पुढची मॅटिंग उचलून हाताला ओल लागते का ते बघा.

---

रंकाळा_पूर्व

ईसीएम काढल्यावर ओपन झालं. आणि मॅटिंगखाली फोम चिंब ओला आहे! वरून बोटालाही कळत नव्हतं.

---

वायरमन_उद्यमनगर

मग एसीच्या पाण्याची नळी तुंबलेली असणार. पानं, माती, कधी गांधीलमाशीचं घर. पाणी बाहेर पडायचं ते आत उतरतं. डाव्या बाजूला पायाजवळच्या प्लास्टिकच्या पॅनेलमागं हार्नेसचा जोड असतो, तो उघडून बघा. पिनांवर हिरवं चढलेलं असेल.

---

पाठ_तंत्रनिकेतन

धागा उत्तम चाललाय. मी डिप्लोमाच्या मुलांना हा विषय शिकवतो. ६० आणि १२० कुठून आले याची थोडी भर घालतो, म्हणजे आकडा पाठ करावा लागणार नाही.

पूर्वी प्रत्येक सिग्नलला स्वतंत्र तार होती. मॉड्यूलं वाढली तशी हार्नेसची जाडी आणि वजन वाढत गेलं. बॉशनं १९८३ मध्ये यावर काम सुरू केलं आणि १९८६ मध्ये डेट्रॉइटच्या एसएई (मोटार इंजिनिअरांची संघटना) परिषदेत कॅन जगापुढं मांडलं. १९९३ मध्ये ते आयएसओ ११८९८ हे मानक झालं. सगळ्यांनी एकाच दोन तारांवर बोलायचं, आणि दोघं एकदम बोलले तर ज्याचा निरोप जास्त तातडीचा त्याचाच पुढं जातो, दुसरा मागं सरून थांबतो. तातडीचा निरोप या भांडणात मोडत नाही, ही या रचनेतली मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट.

निवांत असताना दोन्ही तारा २.५ व्होल्टवर असतात. शून्याचा बिट पाठवताना कॅन-एच साडेतीनवर चढते आणि कॅन-एल दीडवर उतरते. ऐकणारं मॉड्यूल दोन तारांमधला फरकच बघतं. इग्निशन कॉइलचा गोंगाट आत शिरला तर दोन्ही तारांवर सारखाच शिरतो आणि फरक तसाच राहतो. तारांना पीळ असतो तो याचसाठी.

टोकाचे रेझिस्टर सिग्नल शोषून घेतात. ते नसतील तर सिग्नल टोकावर आदळून परत फिरतो आणि पुढच्या बिटात मिसळतो. गाड्यांत सर्रास असणाऱ्या ५०० केबीपीएसच्या (सेकंदाला ५ लाख बिट) वेगाला एक बिट फक्त २ मायक्रोसेकंद टिकतो, एवढ्या वेळात लाईन शांत व्हायला हवी. लहान गाडीत तारेची लांबी कमी, त्यामुळे एक रेझिस्टर सुटला तरी बाकीची मंडळी कशीबशी बोलत राहतात. ताईंची गाडी पूर्ण बंद पडली नाही, ती म्हणूनच.

चालू गाडीत मल्टिमीटर सरासरी दाखवतो हे ध्यानात ठेवा. इग्निशन ऑन ठेवून ६ नंबरला अर्थच्या तुलनेत २.६ ते २.७ आणि १४ ला २.३ ते २.४ आलं तर ठीक. दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्या तर दोन्हीकडं तोच आकडा आणि ओहम शून्याजवळ. एच अर्थला टेकली तर दोन्ही शून्याकडं ओढल्या जातात. एल बारा व्होल्टला टेकली तर दोन्ही वर चढतात. एल अर्थला टेकली तर मात्र काही गाड्या तग धरून चालतात, कारण फरक थोडाफार उरतो. असा बिघाड दिवसेंदिवस लपून राहतो.

एक सावधगिरी: नव्या बऱ्याच गाड्यांत ओबीडी पोर्ट आणि आतल्या लाईनी यांच्यामध्ये निरोप इकडून तिकडं पोचवणारं गेटवे मॉड्यूल असतं. तिथं पोर्टवर ६० आलं म्हणून आतलं सगळं ठीक असं धरू नका. सर्किट डायग्राम बघून त्या त्या लाईनीवरच मोजावं लागतं.

---

गोकुळ_शिरगाव_शिफ्ट२

मला एक मुद्दा पटत नाही. स्कॅनरची यादी म्हणता, पण लोकांकडं असतं ब्लूटूथवालं स्वस्तातलं डोंगल आणि मोबाईलचं अॅप. माझ्या डोंगलला एकही यू कोड दिसला नाही, म्हणून मी निश्चिंत होतो. मित्राच्या मोठ्या स्कॅनरवर एबीएस आणि बीसीएममध्ये ढीगभर कोड निघाले.

---

वायरमन_उद्यमनगर

बरोबर आहे, आणि तुमचा मुद्दा माझ्या पोस्टमध्ये असायलाच हवा. साधं अॅप प्रदूषणाशी संबंध असलेल्या मॉड्यूलांशीच बोलतं, म्हणजे मुख्यतः इंजिन आणि कधी गिअरबॉक्स. एबीएस, एअरबॅग, बीसीएम त्याच्या यादीतच नसतात. डोंगल उपयोगी आहे, पण त्यावरून 'कोड नाही' असं म्हणायचं नाही. सगळी मॉड्यूलं वाचणारा स्कॅनर एकदा तरी लावून घ्या आणि रिपोर्टचा फोटो मागून घ्या. पैसे देताय तर तो तुमचा हक्क आहे.

---

पन्हाळा_रोड

आमच्याकडं पाण्यापेक्षा उंदरांचा त्रास. घराभोवती ऊस आहे, तोड झाली की सगळे उंदीर गाडीच्या बॉनेटमध्ये. आता एबीएसच्या बाजूच्या दोन पीळ घातलेल्या तारा कुरतडल्यात. गावातला वायरमन म्हणतो दोन्ही जोडून टेप मारतो. चालेल का?

---

वायरमन_उद्यमनगर

टेप मारून भागणार नाही. पुढचा पाऊस आला की तिथंच पाणी शिरेल आणि तुम्ही परत इथंच लिहाल.

तार जोडताना पीळ कमीत कमी उलगडायचा, दोन इंचांच्या आत. दोन्ही जोड एकाच जागी घ्यायचे नाहीत, एक पुढं एक मागं, म्हणजे जोड एकमेकांवर घासणार नाहीत आणि तिथं गाठही होणार नाही. कुरतडलेला भाग कापून टाकून त्याच जाडीचा तुकडा घाला. तार आतून काळी पडलेली दिसली तर लख्ख तांबं दिसेपर्यंत मागं कापत जा. जोड क्रिम्प करा आणि वर आतून गोंद असलेली हीटश्रिंक स्लीव्ह चढवा. तापवली की गोंद वितळून कडेनं बाहेर येतो, तेव्हा जोड बंद झाला असं समजा. मी बॉनेटमध्ये नुसतं कथील लावत नाही. कथील तारेत चढतं तिथं तार कडक होते आणि हादऱ्यानं बरोबर त्याच्या कडेला तुटते. शेवटी परत पीळ घालून वर कापडी हार्नेस टेप. पीव्हीसी टेप बॉनेटच्या उष्णतेत चिकट होऊन सुटते.

एच आणि एल अदलाबदल होऊ देऊ नका. जोडायच्या आधी रंगांचा फोटो काढा. अदलाबदल झाली तर मुख्य लाईनीवर गोंधळ होतो आणि जे मॉड्यूल आधी चालत होतं तेही गप्प बसतं.

---

रंकाळा_पूर्व

अपडेट. पॅनेलमागच्या कपलरात दोन पिना हिरव्या झाल्या होत्या आणि त्यातली एक हातात आल्याआल्या तुटली. नव्या पिना दादांकडूनच घालून घेतल्या, एसीची नळी साफ झाली, फोम काढून उन्हात वाळवला. आता ६० ओहम येतात आणि मीटर स्थिर आहे. ईसीएम आणि मीटर दोन्ही जुनेच आहेत.

---

पाठ_तंत्रनिकेतन

ताई, तुमचे आकडे मुलांना दाखवायला वापरू का? गाडीचा नंबर वगैरे काही देणार नाही.

---

रंकाळा_पूर्व

जरूर वापरा सर.

---

दुधाळी_२०१९

आमचा भाग पुराचा. २०१९ ला आणि परत २०२१ ला पंचगंगा घरात आली होती. पाणी चढायच्या आत गाडी हलवायची हे आता अंगवळणी पडलंय, पण एखाद्याची राहिलीच तर काय करावं?

---

वायरमन_उद्यमनगर

किल्ली लावायची नाही. इग्निशन ऑनसुद्धा करायचं नाही. पाण्यात बुडालेल्या पिनांना सप्लाय मिळाला की तिथं रासायनिक क्रिया सुरू होते आणि तांबं झपाट्यानं खाल्लं जातं. नुसतं भिजलेलं मॉड्यूल पुष्कळदा वाचतं, भिजलेलं असताना चालू केलेलं बहुधा वाचत नाही. हात घालणं सुरक्षित असेल तेव्हा पहिल्यांदा बॅटरीची निगेटिव्ह काढा. गाडी ढकलून नाही, उचलून न्या. दुरुस्तीला हात लावायच्या आधी विमा कंपनीला कळवा आणि पाण्याची खूण सीटवर, दारावर कुठपर्यंत आहे त्याचे फोटो काढा.

नंतर सगळे खालचे कपलर उघडून स्वच्छ पाण्यानं, मग कॉन्टॅक्ट क्लीनरनं धुवायचे. नदीचं पाणी सुकलं तरी आत गाळ राहतो, तो पावसाळी हवेत परत ओल धरतो. पिवळ्या कपलरांना मात्र घरी हात लावू नका, ते एअरबॅगचे असतात. त्यांच्यावर ओहम मीटर कधीही लावायचा नाही.

---

कागल_फाटा

आफ्टरमार्केट स्टिरिओबद्दल कुणी बोललं नाही. आमच्या गाडीत अँड्रॉइड स्टिरिओ बसवल्यापासून गाडी बंद केल्यावर दोन दिवसांत बॅटरी उतरते आणि अधूनमधून यू कोड येतात.

---

पाठ_तंत्रनिकेतन

स्टिअरिंगवरची बटणं चालावीत म्हणून काही स्टिरिओंबरोबर एक कॅनचा डबा येतो आणि तो गाडीच्या लाईनीवर जोडलेला असतो. तो गाडी बंद झाल्यावरही निरोप पाठवत राहिला तर बाकीची मॉड्यूलं झोपत नाहीत, म्हणून बॅटरी उतरते. त्या डब्यात स्वतःचा १२० चा रेझिस्टर असेल तर पोर्टवर ६० ऐवजी ४० दिसेल, हे मोजायला सोपं आहे. जीपीएस ट्रॅकर आणि बाहेरून बसवलेलं रिमोट लॉक यांचंही तसंच. कुठलंही निदान करायच्या आधी बाहेरून बसवलेलं सगळं काढून गाडी कंपनीतून आली तशी करा आणि मग मोजा.

---

ऊस_वाहतूक_शिरोळ

आमच्या ट्रकला पण हेच लागू का? हंगामाआधी दोन ट्रकांची वायरिंग बघून घ्यायची आहे. २४ व्होल्टची गाडी आहे. एका ट्रकला खड्ड्यात आदळलं की इंजिन लिंप मोडमध्ये (ताकद मुद्दाम कमी करून) जातं आणि परत आपोआप सुटतं.

---

वायरमन_उद्यमनगर

पद्धत तीच. बॅटरी २४ ची असली तरी कॅनच्या तारांवर आकडे तेच राहतात, अडीचच्या आसपास. ट्रकांत बहुधा जे१९३९ (जड गाड्यांसाठीचं कॅनवरचं मानक) असतं, त्याचा वेग पुष्कळ गाड्यांत २५० केबीपीएस. त्या मानकात पिवळी तार एच आणि हिरवी एल असते, पण डायग्रामशी ताडून बघाच. दोन टोकांचे १२० इथं बऱ्याचदा मॉड्यूलच्या बाहेर, हार्नेसमध्येच छोट्या टोपीसारख्या कपलरात असतात. चिखल आणि मळी खाऊन ते सुटतात.

खड्ड्यावर येणारा बिघाड उभ्या गाडीत सापडत नाही, म्हणून तो आपणच आणायचा. बॅटरी काढा, ओहम मीटर पोर्टवर जोडून ठेवा आणि त्या ओहम मीटरमध्ये मिन-मॅक्स (सगळ्यांत कमी-जास्त आकडा लक्षात ठेवायची सोय) असेल तर तो चालू करा. एकानं आकड्याकडं बघायचं आणि दुसऱ्यानं चेसिसवरून जाणारा हार्नेस हातहातभर धरून हलवत यायचं. केबिनखालचा वाक, बॅटरीच्या डब्याजवळची क्लिप, इंजिनवर जाणारा जोड, या तीन जागा आधी. हात जिथं असताना ६० चं १२० होईल तिथं खूण करा आणि कपलर उघडून पिन ढिली आहे का बघा. त्याच मापाची सुटी पिन आत घालून ओढली की पकड कळते, मल्टिमीटरचा जाड प्रोब तिथं खुपसायचा नाही, त्यानं चांगली पिनही फाकते.

काही सापडलं नाही तर इंजिन गरम करून तेच परत करा. आणि दोन्ही ट्रकांचे आकडे वेगवेगळे लिहा, चांगल्या ट्रकचे पण. ते ताडून बघायला लागतील.